विकि-सहलेखन
निरनिराळ्या गावांत वा देशांत राहणाऱ्या व्यक्तींनी इंटरनेटवर एकच मजकूर मिळून लिहिण्याची व सुधारण्याची पद्धती. मराठीतील तिचे ठळक उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया होय. त्याचे संपादक बहुधा एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद, आपोआप जतन होत असल्याने चुकीचा बदल सहज उलटवता येतो. लेखाविषयीचे मतभेद त्याच्या ‘चर्चा’ पानावर, तर सर्वसाधारण प्रश्न ‘चावडी’वर मांडले जातात आणि उत्तर सवडीने देता येत असल्यामुळे सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज उरत नाही.

स्थानिक माहितीचे मोल येथे विशेष जाणवते. कुंभारी नावाची गावे दक्षिण सोलापूर, जत आणि कोपरगाव या तिन्ही तालुक्यांत असल्याने दूरच्या संपादकाकडून त्यांची गल्लत होऊ शकते. ती टाळण्यासाठी ‘निःसंदिग्धीकरण’ पान, म्हणजे समान नावांची फोड करणारी सूची, वापरतात. सोलापूरजवळच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर ही वसाहत उभी राहिली व १९ जानेवारी २०२४ रोजी तिच्या १५,००० घरांचे लोकार्पण झाले. असे बदल जाणत्या रहिवाशाने नोंदवावेत व इतरांनी संदर्भ तपासावेत, ही या पद्धतीतील स्वाभाविक कामाची वाटणी आहे. एकाने मजकूर जतन करण्यापूर्वी दुसऱ्याने तोच परिच्छेद बदलल्यास प्रणाली दोन्ही पाठ समोर ठेवते. मेळ मात्र संपादकालाच घालावा लागतो.