यंत्राची भाषा आणि माणसाची भाषा

दिवाळीच्या अंकात इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात भूमितीचे पुस्तक वाढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या शिरूर-दौंड भागात हा विषय आता घरोघरचा झाला आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यात कुरकुंभची. कोरियन, इटालियन, अमेरिकन अशा नाना मुलखांच्या कंपन्यांची यंत्रे रांजणगावात फिरतात, आणि ज्यांच्या आज्यांनी घोडनदीच्या बाजारापलीकडचे जग फारसे पाहिले नाही अशी मुले त्या यंत्रांपुढे उभी राहतात. पालक विचारतात, "गुरुजी, पोराला गणित येतं, विज्ञान येतं, मग परक्या माणसापुढं त्याचं तोंड का उघडत नाही?"

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. यंत्रशास्त्रात मला गती नाही. तथापि या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडेल, असे मला वाटते.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीचे इंजिनिअरिंगचे शिक्षण पहिल्याने सुरू झाले ते कोणत्या भाषेत? पुष्कळ सुशिक्षित माणसे चटकन 'इंग्रजीत' असे सांगतात. ते खरे नव्हे. १८२३ च्या सुमारास मुंबईत सरकारी इंजिनिअर संस्था निघाली. तिचे प्रमुख होते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. पेशवाई बुडून पाच-सहा वर्षेच झाली होती. मोजणीला आणि बांधकामाला जाणती माणसे हवी होती. जर्व्हिस यांनी मुलांना गणित आणि मोजणी शिकवायची ठरवली ती मराठीत आणि गुजरातीत. त्यासाठी ते स्वतः मराठी शिकले, आणि इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत उतरवण्याच्या कामाला लागले. या कामी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारखे पंडित त्यांच्या साहाय्याला होते. हेच शास्त्रीबुवा पुढे १८२९ च्या 'महाराष्ट्र भाषेचा कोश' रचणाऱ्या मंडळींत दिसतात.

वाचकहो, ती जोडी क्षणभर डोळ्यांपुढे आणा. एकीकडे पलटणीतला साहेब, दुसरीकडे शास्त्रीबुवा. एकाला गणित ठाऊक, पण ते कोणत्या शब्दांत सांगावे हे ठाऊक नाही. दुसऱ्याजवळ शब्दांचे भांडार, पण हे नवे गणित अनोळखी. दोघांनाही काही काळ विद्यार्थी व्हावे लागले असणार. आज ज्याला परसंस्कृतीशी व्यवहार करण्याचे कौशल्य असे भारदस्त नाव देतात, ते मुळात एवढेच आहे.

ही रीत टिकली नाही. १८४७ साली शिक्षणमंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. शेवटी वरच्या शिक्षणात इंग्रजीचेच पारडे जड झाले. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, त्याचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. त्या कॉलेजाने देशाला थोर माणसे दिली, यात शंका नाही. पण पूर्वी ये-जा दोन्ही बाजूंनी होती, ती आता एका बाजूने होऊ लागली. साहेबाची भाषा आपण शिकायची. आपली भाषा, आपले शेत, आपला माणूस कोणी समजून घ्यायचा, हा प्रश्न अभ्यासक्रमातून गळला.

ज्यांनी तो स्वतःच्या बुद्धीने सोडवला ते मोठे झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली बाहेर पडले. मैसूरकडचा हा माणूस मुंबई इलाख्याच्या नोकरीत आला. १८९८ साली त्यांनी जपानची वाट धरली आणि त्या देशाने उद्योग कसे उभारले ते पाहिले. खडकवासल्याच्या धरणाला १९०३ साली त्यांचे आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पण नीरेच्या कालव्यावर पाणी पाळीने आणि पट्ट्यापट्ट्याने वाटण्याची त्यांची योजना शेतकऱ्यांना प्रथम पटली नव्हती, ती त्यांना समजावून सांगावी लागली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. माझ्या मते दरवाजांइतकीच ही कामगिरी अवघड. दरवाजा गणिताने उघडतो. माणसाचे मन गणिताने उघडत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही हाच अनुभव आला. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष कालवले जाईल, असे शेतकऱ्यांना वाटे, आणि पहिले नांगर खपायला फार वाट पाहावी लागली.

आमच्या भागाला हा धडा नवा नाही. शिरूर ही जुनी लष्करी छावणी. येथे १८०९ साली कर्नल वॉलेस वारला. त्याची लोकांत 'सत्पुरुष' म्हणून आठवण राहिली आणि आसपासचे गावकरी त्याच्या थडग्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवू लागले. परका माणूस भाषेने नव्हे, वागणुकीने ओळखावा, हे त्या अडाणी म्हटलेल्या लोकांना कळत होते. तिकडे दौंडला रेल्वे आली, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू होऊन ते जंक्शन झाले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, दक्षिणेकडचे बाबू, आपल्याकडचे सांधेवाले एका स्टेशनावर नांदू लागले. लाल बावट्याचा अर्थ सर्वांना एकच. बाकीचे सारे परस्परांना विचारूनच उमगायचे.

आमच्या मुलांचे खरे अडते ते येथेच. घरी वडिलांपुढे आणि शाळेत आम्हा मास्तरांपुढे त्यांना एकच उत्तर शिकवलेले असते: 'हो'. कळले तरी हो, न कळले तरी हो. जपानी माणूसही बोलणे ऐकताना वरचेवर 'हाय' म्हणतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ 'मान्य आहे' असा नसून 'ऐकतो आहे' एवढाच असतो. आता एकाचा 'हो' आदराचा आणि दुसऱ्याचा 'हाय' ऐकल्याचा. दोघेही काम ठरले असे समजून उठले, तर यंत्राचे काय व्हायचे? कुरकुंभसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत तर न समजलेल्या सूचनेला दिलेला 'हो' जिवावर बेतू शकतो.

म्हणून परकी भाषा अवश्य शिकावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्सम्युलर भवनात आमच्याकडची मुले जर्मन-जपानीचे धडे गिरवतात, याचा मला आनंद आहे. पण त्याआधी 'मला समजले नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य त्यांना मायबोलीत, ताठ मानेने म्हणता आले पाहिजे. ज्याला ते मराठीत म्हणता येत नाही, त्याला ते जर्मनमध्ये काय म्हणता येणार? त्याचप्रमाणे आपल्याला जे कळले ते आजीला समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. मुलाखतीत शेवटी याचीच परीक्षा असते.

यासाठी निराळा तास नको की निराळी फी नको. यंदा सुट्टीत पोरगा घरी आला, की फराळाच्या वेळी त्याला विचारा, "तुझं यंत्र चालतं कसं रे?" तो सांगू लागला, की मध्येच थांबवून आणखी दोन प्रश्न विचारा, आणि त्याने उलट प्रश्न केला, तर त्याला उद्धट म्हणू नका. जर्व्हिस आणि शास्त्रीबुवांची शाळा अशाच प्रश्नोत्तरांवर उभी राहिली असेल.