स्वातीचे चालणे

ग्रह फिरतात, तारे मात्र जागचे हलत नाहीत, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. एकदा एका पोराने विचारले, “गुरुजी, हे कुणी पाहिलंय?” वर्ग हसला, मी निरुत्तर झालो. उत्तर शोधता शोधता स्वातीपाशी येऊन पोहोचलो.

एडमंड हॅले आपल्याला ठाऊक तो धूमकेतूमुळे. १७१८ साली त्याने टॉलेमीची, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, तारकासूची आपल्या काळच्या मापांशी ताडून पाहिली. स्वाती, व्याध आणि रोहिणी जुन्या जागी नव्हत्या! जुन्यांची चूक म्हणावी, तर त्यांच्यातल्या निरनिराळ्या निरीक्षकांची मापे एकमेकांशी जुळत होती. तेव्हा सरकले होते ते तारेच. स्वाती वर्षाला सुमारे २.३ विकला दक्षिणेकडे सरकते. चंद्रबिंबाच्या रुंदीइतके सरकायला तिला आठशे वर्षे लागतात. एका माणसाच्या जन्मात हे कळणे नाही. एकाने लिहून ठेवावे, दुसऱ्याने शतकांनंतर पडताळावे, तेव्हा कुठे ते कळते.

१९३३ साली शिकागोच्या प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या किरणांनी लावले. दुर्बिणीतून आलेला प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पाडला, त्यातून उपजलेला क्षीण प्रवाह वाढवून तारेने शिकागोला पाठवला. हा किरण १८९३ च्या तिथल्याच प्रदर्शनाच्या वेळी निघाला, अशी समजूत होती. कारण अंतर ४० प्रकाशवर्षे धरले होते. आजच्या मापाने ते सुमारे ३७ भरते. म्हणजे तो किरण निघाला १८९६ च्या सुमारास. पडताळणी अशी चालूच असते.

दिवाळीत सूर्यच स्वाती नक्षत्रात असतो. त्यामुळे हा अंक हाती असताना ती नीट दिसायची नाही. वैशाखात रात्री नवाच्या सुमारास अंगणात या. दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. उत्तरेला सप्तर्षी दिसतील. अंगिरस, वसिष्ठ, मरीची ही शेपटीची कमान तशीच पुढे वळवत न्या. पूर्वेकडे उंचावर नारिंगी स्वाती लागेल. आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा. दोघींचे रंग ताडून पाहा. स्वातीचा पृष्ठभाग सुमारे ४,००० अंश सेल्सिअस, आपल्या सूर्याहून थंड. म्हणून हा रंग. व्यास मात्र सूर्याच्या पंचवीसपट.

आमच्या वर्गात आता एक वही आहे. दर उन्हाळ्यात मुले तारीख, वेळ आणि स्वातीचे ठिकाण तीत लिहितात. नुसत्या डोळ्यांच्या या नोंदींत तिचे सरकणे सापडणार नाही, हे त्यांना मी सांगितले आहे. तरी वही पुढच्या वर्गाकडे जाते.