धर्मादाय रुग्णालयें आणि लोकांचा हिशेब

ठाण्याच्या खाडीवर १९७३ सालीं पूल झाला आणि आगरी-कोळ्यांचें वाशी गांव नव्या मुंबईचें महाद्वार बनलें. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें भातशेतें व खाजणें यांच्या जागीं नगर वसविलें. लोकोपयोगी संस्थांस सवलतीनें भूखंड देण्याचा पायंडाही पडला. ही भूमि एके काळीं कोणाची तरी शेती होती. म्हणून सवलत घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयानें समाजास काय परत दिलें, हा प्रश्न येथें केवळ कायदेपंडितांचा राहत नाहीं.

प्रश्न तसा जुनाच आहे. मुंबईंत १८४५ सालीं सुरू झालेलें जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें व सरकारच्या साहाय्यानें उभें राहिलें. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यानें धर्मादाय निधींच्या उत्पन्नास करमाफी दिली, आणि गरिबांचें साहाय्य, शिक्षण व वैद्यकीय मदत यांस ‘धर्मादाय’ ठरविलें. माफ केलेला कर म्हणजे सार्वजनिक तिजोरींतून केलेलें दानच होय; मग त्याचा हिशेब कोणी मागावा? मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं विश्वस्तनिधींच्या नोंदणीचा कायदा झाला. पुढें न्यायमूर्ति तेंडोलकर समितीच्या चौकशीनंतर १९५० चा व्यापक कायदा आला व धर्मादाय आयुक्ताचें पद निर्माण झालें.

तथापि जमाखर्च बरोबर जुळला म्हणजे गरिबाला खाट मिळतेच, असें नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं १९८५ सालीं त्या कायद्यांत ‘४१ कक’ हें कलम घातलें गेलें. पण अंमल ढिलाच राहिला. अखेर एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयानें १७ ऑगस्ट २००६ रोजीं एक योजना मंजूर केली. तीनुसार शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत व शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या, इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या शेंकडा २ इतकी रक्कम ‘निर्धन रुग्ण निधीं’त निराळी ठेवावयाची, आणि त्याचा तपशील धर्मादाय आयुक्तांस कळवावयाचा.

अमेरिकेनें निराळी वाट धरली. तेथें १९५६ च्या नियमानुसार करमुक्त रुग्णालयानें यथाशक्ति गरिबांवर उपचार करणें आवश्यक होतें. १९६९ सालीं ती अट सैल होऊन ‘समाजहित’ ही व्यापक कसोटी आली. पुढें २००८ च्या करवर्षापासून वार्षिक विवरणपत्रास स्वतंत्र परिशिष्ट जोडलें गेलें, व मोफत उपचारांचा खर्च लोकांपुढें उघडपणें मांडणें भाग पडलें. तेथें प्रमाण ठरलें नाहीं, पण हिशेब उघडा झाला. महाराष्ट्रांत प्रमाण ठरलें, तरी हिशेब बव्हंशीं आयुक्तांच्या कचेरीकडेच जात राहिला.

गरिबाला मात्र दोन्ही गोष्टी हव्या असतात. तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन दारांत उभ्या राहिलेल्या रुग्णास राखीव खाटेची माहितीच नसेल, तर राखलेली खाट आणि नसलेली खाट यांत त्याच्यापुरतें अंतर तें काय उरलें?