केंद्रांचे स्थलांतर आणि भाषांतराचा क्रम

साहित्यसिद्धान्ताच्या इतिहासात विचारप्रणालींना देशांची नावे देण्याची प्रथा आहे: रशियन रूपवाद, प्राग संप्रदाय, फ्रेंच संरचनावाद, अमेरिकन विरचनावाद. या नामावलीतून असे सूचित होते की, एका देशात एक प्रश्न सुटला आणि पुढच्या देशाने नवा हाती घेतला. वस्तुस्थिती तशी नाही.

साहित्यकृतीचे साहित्यपण कशात असते, हा प्रश्न मॉस्को आणि पेत्रोग्राद येथील तरुण अभ्यासकांनी १९१५-१६ पासून लावून धरला. उत्तर सापडले म्हणून तो तेथे मागे पडला नाही. १९३० मध्ये श्क्लोव्स्की यांना आपली भूमिका जाहीरपणे चूक ठरवावी लागली. याकबसन १९२० मध्येच प्रागला गेले होते. नाझींनी १९३९ मध्ये प्राग व्यापल्यावर ते स्कँडिनेव्हियामार्गे १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, आणि तेथे निर्वासित फ्रेंच प्राध्यापकांच्या विद्यापीठात त्यांची लेव्ही-स्त्रोस यांच्याशी गाठ पडली. ज्याला आपण पॅरिसचा संरचनावाद म्हणतो, त्याचा एक उगम असा न्यूयॉर्कमध्ये आहे. बोदलेरच्या 'मांजरे' या सुनीतावरील दोघांचा संयुक्त लेख १९६२ चा.

प्राग मात्र या हिशेबात हरवले. सौंदर्यमूल्य व संकेत ही सामाजिक तथ्ये आहेत, अशी मांडणी मुकारझोव्स्की यांनी १९३६ मध्ये चेक भाषेत केली. ते पुस्तक इंग्रजीत आले १९७० मध्ये. तत्पूर्वी, १९६६ च्या बाल्टिमोर येथील परिषदेत, देरिदा यांनी संरचनेच्या कल्पनेलाच हादरा दिला होता. म्हणजे संरचनेला समाज व इतिहास यांच्याशी जोडणारा ग्रंथ हाती येण्यापूर्वीच इंग्रजी वाचकापर्यंत संरचनावादाचे खंडन पोचले! आपल्याकडे हा विचार बव्हंशी इंग्रजीतूनच आला. त्यामुळे 'संरचनावाद इतिहासविन्मुख आहे' हा आक्षेप आपणही तयारच उचलला. तो पॅरिसपुरता बराचसा खरा असेल, प्रागला तो लागू पडत नाही. (मराठीत 'रूपवाद' म्हणताच मर्ढेकर आठवतात, हा गोंधळ आणखी वेगळा.)

बाख्तिन यांचेही असेच झाले. क्रिस्तेवा यांनी १९६७ मध्ये त्यांच्यावर फ्रेंचमध्ये लिहिले. इंग्रजीत त्यांचा खरा बोलबाला झाला तो १९८१ नंतर. म्हणून अभ्यासक्रमांत ते पुष्कळदा देरिदांच्या मागून येतात. त्यांचे दस्तयेव्स्कीवरील पुस्तक १९२९ चे आहे.