ब्यूकआदाची शांतता

इस्तंबूलच्या धक्क्यावरून बोटीत बसले की दीड-एक तासात ब्यूकआदा येते. ब्यूकआदा म्हणजे मोठे बेट. मार्मारा समुद्रातल्या नऊ बेटांत हे सर्वांत मोठे. मागे दीड कोटी वस्तीचे शहर, आणि इथे खासगी मोटारींना बंदी. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या होत्या. घोड्यांच्या हालांवरून ओरड झाली आणि २०२० साली त्या जाऊन विजेवरच्या गाड्या आल्या. आम्ही पायीच निघालो. मुंबईच्या गोंगाटात वाढलेल्या माणसाला अशा शांततेचे भारी अप्रूप! पण लाकडी बंगल्यांच्या रांगा बघत चढण चढताना मनात येत गेले, हे बंगले बांधणारी माणसे गेली कुठे?

बायझंटाइन काळात गादीवरून उतरवलेल्यांना या बेटांवरच्या मठांत कोंडत. सम्राज्ञी आयरीनलाही ८०२ साली आधी इथेच आणले होते. पुढे १९२९ ते १९३३ ट्रॉट्स्की इथे राहिले. हे सगळे पाहुणे. बेटाचे खरे रहिवासी म्हणजे ग्रीक ख्रिस्ती.

१९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म पाहून माणसांची अदलाबदल ठरवली. अनातोलियातले ख्रिस्ती तिकडे, ग्रीसमधले मुसलमान इकडे. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. हे दोन्ही अल्पसंख्य समाज जणू एकमेकांचे जामीन झाले. तिकडे काही घडले की जाब इकडच्याला. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. १९४७ पासून आपण तो सोसतो आहोत.

१९४२ च्या संपत्तिकराचा बोजा मुख्यतः बिगरमुस्लिमांवर पडला. ज्यांना तो भरता आला नाही, त्यांतल्या अनेकांना श्रमछावणीत धाडले. ६-७ सप्टेंबर १९५५ ला सायप्रसच्या वादात जमावाने ग्रीकांची दुकाने, घरे, चर्च फोडली. १९६४ साली ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना हाकलले. त्यांच्यामागे बायकापोरेही गेली. १९२० च्या दशकात शहरात लाखभर ग्रीक होते, आज जेमतेम काही हजार उरलेत.

याच तुर्कांच्या खलिफासाठी १९१९ साली मुंबईत खिलाफत कमिटी निघाली होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी चंदे दिले. त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. पण जुलूम करणारा कलमा पढणारा असला म्हणून आम्ही गप्प बसायचे, तर आमच्यावरच्या जुलमाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलायचे?

एका टेकडीवर प्रचंड लाकडी इमारत आहे. हॉटेल म्हणून बांधली, पण सुलतान अब्दुल हमीद यांनी परवानगी नाकारली. १९०३ पासून ते ग्रीक अनाथाश्रम झाले. १९६४ मध्ये तेही बंद पडले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागून २०१० साली ग्रीक धर्मपीठाने मालकी परत मिळवली. तोवर लाकूड कुजले होते.

दुसऱ्या टेकडीवर सेंट जॉर्जचे चर्च, आया योर्गी. २३ एप्रिलला तिथे मन्नत मागायला हजारो लोक चढतात. त्यांत बहुतेक मुसलमान! वाटेच्या झुडपांना दोरे बांधलेले असतात, अगदी आपल्या दर्ग्यांच्या जाळीला असतात तसे. आम्ही उतरू लागलो तेव्हा खालच्या हमीदिये मशिदीत असरची अजान सुरू झाली होती, आणि वाटेवर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी दोऱ्याचे रीळ उलगडत वर चालली होती.