वजनकाट्यावर तोललेली नौका

टिटवाळ्याच्या ज्या व्यायामशाळेत मी जातो, तेथे रोइंग मशीनला लागूनच वजनकाटा मांडलेला आहे. वीस मिनिटे वल्हवून उतरलेला माणूस थेट काट्यावर चढतो आणि अर्धा किलो घटल्याचे पाहून सुखावतो. घटलेले असते ते बहुतांशी घामाचे पाणी. पण यंत्र आणि काटा यांच्या या शेजाराला मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

आमच्या गावाशेजारून वाहणारी काळू नदी पुढे उल्हासला मिळते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतले आणि त्यानंतर इथल्याच खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. आंग्र्यांच्या मोठ्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत, ती ताशी चार मैलांच्या वेगाने जात, असे इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. वारा पडला की सारा भार खलाशांच्या पायांवर आणि पाठीवर.

पाण्याविना वल्हवण्याची कल्पना त्याहूनही जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी खाब्रियास याने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच लाकडांवर बसवून शिकवले, अशी नोंद पॉलिएनस करतो. आज सर्वत्र दिसणारे यंत्र मात्र १९८१ चे. अमेरिकेतील ड्रायसिगाकर बंधूंनी सायकलचे चाक वापरून ते घडवले.

या यंत्रात एक फसवणूक दडलेली आहे. शरीराचे वजन सरकती बैठक पेलते. पाण्यात तेच वजन नौकेला खोल बुडवते आणि पाण्याचा विरोध वाढवते. म्हणून यंत्राचे निर्माते वजनानुसार वेळ सुधारून घेण्याचे सूत्र देतात. ६० किलोच्या आणि ९० किलोच्या दोघांनी २००० मीटर बरोबर ८ मिनिटांत पुरे केले, तर सूत्राने हलक्याची वेळ सुमारे ६ मिनिटे ५० सेकंद होते, जडाची ७ मिनिटे २८ सेकंद. तरीही प्रत्यक्ष शर्यतीत उंच आणि बळकट देहच बहुधा सरस ठरतो, कारण ताकदीचा लाभ वजनाच्या तोट्याहून मोठा असतो.

म्हणूनच हलक्या वजनाचा स्वतंत्र गट निर्माण झाला. लहान चणीच्या लोकांच्या देशांनाही या खेळाचे दार उघडावे, हा त्यामागील एक हेतू. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तो आला. पुरुषांना कमाल ७२.५ किलो आणि जोडीची सरासरी ७०. स्त्रियांना ५९ आणि ५७. शर्यतीच्या एक ते दोन तास आधी वजन घेतले जाई. त्यापूर्वी जाड कपडे चढवून यंत्रावर घाम गाळायचा, पाण्याचा घोट टाळायचा, अशी रीत पडली. दार उघडायला आणलेला काटा खेळाडूच्या घशाला कोरड आणू लागला. माझ्या मते हा त्या नियमाचा सर्वांत कडू भाग.

महाराष्ट्राचा विख्यात रोइंगपटू दत्तू भोकनळ या गटातला नव्हे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खणत असे. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर त्याने वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खुल्या गटाच्या एकेरीत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याला सुवर्ण मिळाले.

ऑलिम्पिकमध्ये त्याच्याहून वरचे स्थान भारताला मिळवून दिले ते हलक्या गटानेच. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंह ही सैन्यातील जोडी अकरावी आली. तेही पुण्याच्या सैन्य रोइंग केंद्रातच घडलेले.

वजनाचे गट केवळ झुंजीच्या खेळांत आणि भारोत्तोलनातच असावेत, अशी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची भूमिका ठरली. २०२४ चे पॅरिस या गटाचे अखेरचे ऑलिम्पिक. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याची जागा किनारी रोइंग घेईल. काटा गेला, घशाची कोरड गेली. पण सत्तर किलोच्या भारतीय वल्हेकऱ्याला ऑलिम्पिक गाठायचे, तर आता नव्वद-शंभर किलोच्या देहांशीच झुंजावे लागेल.