वर्धेची मालगुजारी आणि रिचर्ड टेंपल

१८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. परंतु त्या मुलखात सारा कोणाच्या हातून घ्यावा आणि जमिनीचा धनी कोणास म्हणावे, या प्रश्नांचा निकाल प्रत्यक्ष अमलात आणण्याचे काम रिचर्ड टेंपल याच्या वाट्यास आले. पंजाबात तिथला चीफ कमिशनर लॉरेन्स याच्या हाताखाली तयार झालेला हा अधिकारी १८६२ साली, ऐन छत्तिशीत, मध्यप्रांताचा चीफ कमिशनर झाला. त्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. पहिली कचेरी पुलगावजवळच्या कवठ्यास होती. १८६६ साली ती पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात आली.

टेंपलच्या कारकिर्दीचा खरा ठसा मात्र, माझ्या मते, महसुली दप्तरांत उमटला. भोसल्यांच्या अमदानीत पाटील गावची जमा गोळा करून कमाविसदाराकडे, म्हणजे सरकारी वसुली अधिकाऱ्याकडे, भरीत असे. त्याचा मान मोठा, पण गाव विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्यास नव्हता. नव्या बंदोबस्ताने त्याच पाटलास मालगुजार ठरवून गावची मालकी दिली: त्याच्या खासगी वहिवाटीची जमीन ती ‘सीर’, कुळांचा खंड त्याच्याकडे यावयाचा आणि त्यातून ठरलेली जमा त्याने सरकारात भरावयाची. ज्या जुन्या कास्तकारांचा हक्क डावलणे शक्य नव्हते, तेवढे ‘मलिक मकबुजा’ म्हणून आपापल्या शेताचे मालक राहिले. बाकीची रयत पाटलाची कुळे झाली, आणि हा अन्याय मला आजही सलतो.

त्याच काळात अमेरिकेतील यादवीमुळे हिंगणघाटच्या कापसास विलायतेत मागणी आली, १८६७ त आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि जमिनीस किंमत चढली. मालकी मिळाली तशी ती गहाण टाकण्याची वाटही मोकळी झाली. कर्जाच्या पोटी पाटलांची कैक गावे सावकारांच्या नावे चढली.

टेंपल पुढे बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर व मुंबईचा गव्हर्नर झाला. १८७७ च्या दुष्काळात मजुरांची रोजी त्याने ज्या निष्ठुरपणे कापली, ती दक्षिणेत विसरली गेली नाही. मायदेशी परतून तो १८८५ ते १८९५ पार्लमेंटात सभासद होता. मालगुजारी मात्र १९५१ पर्यंत टिकली, आणि तोवर वर्ध्याच्या कुळांनी खंड भरला तो मालगुजाराच्याच वाड्यावर.